तिला मत होतं, त्याला नव्हतं

गुरुजी, तुम्ही मला सातवीत "बस खाली" म्हणाला होतात. त्यानंतर मी आयुष्यात पुष्कळ जागी बसले. बोबीन भरायला बसले, साड्यांच्या घड्या घालायला बसले, नवऱ्याच्या उशाशी सिव्हिलमध्ये बसले. पण ते तुमच्या वर्गातलं बसणं डोक्यातून गेलं नाही. आज रविवार, दुपार आहे. लेस लावायच्या साड्यांचा ढीग समोर तसाच पडलाय आणि मी तुम्हाला लिहितेय. तुम्हाला जाऊन पंचवीसेक वर्षं झाली असतील. संध्याकाळी माल न्यायला रिक्षावाला येतो, त्याला पत्रबित्र कळत नाही, म्हणून गोल गोल न फिरता सांगते. तुमचं चुकलं. माझं बरोबर होतं. आणि बरोबर असून माझ्या हाताला काही लागलं नाही, ह्याचा राग कुणावर काढायचा ते समजत नाही, म्हणून तुमच्यावर काढते. तुम्ही उलट बोलणार नाही.

तुम्हाला नवापूर आठवतं का? दिवाळीची सुट्टी लागली की गुजरातमधल्या आपल्या उधन्याहून भुसावळच्या गाडीत आपली अर्धी शाळा असायची. सगळे नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडचे. कोणाचे आईबाप लूमवर, कोणाचे डाइंगमध्ये, आणि तुम्ही पण त्याच डब्यात, मांडीवर वळकटी घेऊन. नवापूरला गाडी पाणी भरायला थांबायची ती थांबायचीच. एका वर्षी तुम्ही आम्हाला खाली उतरवलंत. म्हणालात, हे स्टेशन अर्धं गुजरातमध्ये आहे आणि अर्धं महाराष्ट्रात. आम्ही म्हटलं, कुठून? तुम्ही खिशातून खडू काढला. सुट्टीत पण तुमच्या खिशात खडू. फलाटावरच्या एका बाकावर आडवी रेघ मारली आणि दोघा-तिघांना त्या रेघेवर बसवलंत. एक पोरगा ओरडतोय, "गुरुजी, माझी एक मांडी गुजरातमध्ये!" शेंगा विकणारा उभा राहून बघतोय, म्हणतोय, "मास्तर, मग शेंगा कुठल्या भावानं देऊ?" सगळे हसतायत. आतून स्टेशनमास्तर ओरडत येतो, सरकारी बाक खराब केला म्हणून. तुम्ही धोतराच्या सोग्यानं रेघ पुसता आणि त्याला म्हणता, "पुसली साहेब, बघा, एवढीच असते."

एवढीच असते. हे तुमचं लाडकं बोलणं. शाळा सुरू झाल्यावर तुम्ही नकाशा टांगलात आणि पट्टीनं युरोप दाखवलात. हे लोक आपसात इतके लढले की घरटी माणूस गेला, म्हणालात, आणि आता बघा, कोळसा आणि लोखंड एकत्र विकतायत, उद्या दारं उघडतील, परवा एकच नाणं चालेल. मग आपला नंबर. नेपाळ, लंका, ढाका, लाहोर, सगळे एका बाकावर. तुमचा आवाज तेव्हा भजनात लागतो तसा लागला होता. मी हात वर केला. मला तुमची टर उडवायची नव्हती. आमच्या चाळीत त्याच महिन्यात दोन घरांनी मिळून एक नळ घेतला होता आणि रोज सकाळी बादल्या आपटत होत्या. मी विचारलं, "गुरुजी, दोन घरांचा एक नळ चालत नाही, तर एवढे देश कसे चालतील? आणि भांडण झालं तर कुणाकडं जायचं? त्यांना आधी कुणी विचारलं का?" वर्ग हसला. तुम्ही नाही हसलात. तुमचा चेहरा पडला आणि मग चिडला. "बस खाली. तुला सगळं वाकडंच दिसतं."

मी बसले. उत्तर तुम्ही दिलं नाहीत. तुमच्याकडं नव्हतंच, हे मला आता कळतं. तेव्हा मला वाटलं, माझ्यातच काहीतरी वाकडं आहे.

सातवीनंतर शाळा सुटली. माझ्या लग्नात तुम्ही आलात, गावाहून आणलेलं पितळेचं मोठं पातेलं घेऊन आलात. आमच्यात भांडं द्यायचं तर त्यावर नाव घालून देतात, कुणाकडून कुणाला, सगळं कोरून. तुमच्या पातेल्यावर काही नव्हतं. माझी आई कुजबुजली, मास्तर घाईत विसरले वाटतं. तुम्ही ऐकलंत आणि म्हणालात, "विसरलो नाही. नाव कशाला? ज्याला लागेल त्यानं वापरावं." बायका म्हणाल्या, किती मोठं मन. मी पण म्हटलं. मग काय झालं ते ऐका. पातेलं खरंच ज्याला लागेल तो नेत होता. बारशाला, बाराव्याला, मांडवाला. एकदा गल्लीतल्या एका लग्नाला गेलं ते परत आलं नाही. मी मागायला गेले तर ती बाई म्हणते, "तुमचं कशावरून? नाव दाखवा." नाव नव्हतं. दारात उभी राहून मी भांडले, चार बायका जमल्या आणि चारी म्हणाल्या, नाव नाही तर कसं म्हणायचं. गेलं पातेलं. तुम्हाला कधी सांगितलं नाही, वाईट वाटेल म्हणून. आता सांगते, कारण वाईट वाटायला तुम्ही नाही, आणि कारण तुमच्या सगळ्या बोलण्यात हेच होतं. चांगलं होतं, मोठं होतं, आणि भांडण झालं तर दाखवायला काही नव्हतं.

तरी एकदा मला तुम्ही पटला होतात. माझ्या लेकीनं लग्न जमवलं ते दमणच्या पोराशी. उधन्यात एका डाइंग मिलच्या ऑफिसात होता, गुजराती बोलणारा. गल्लीत चर्चा सुरू. आपल्यातला नाही, आपल्या बोलीचा नाही, खान्देशात पोरं संपली का. मला असल्या गडबडीचा कंटाळा. मी लेकीला विचारलं, "दारू पितो का?"

"नाही."

"दमणचा असून?"

"दमणचा असून."

"मग करा रजिस्टर."

एवढंच. आणि मग कळलं की दमण पोर्तुगीजांकडं होतं तेव्हा त्याचे आजोबा तिथं जन्मले, त्या दाखल्यावरून बापाला आणि बापावरून ह्याला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळतो. पोर्तुगाल त्यानं टीव्हीवर फुटबॉलमध्ये बघितलेलं, तेवढंच. पण पोर्तुगाल युरोपच्या एकीत, इंग्लंड पण तेव्हा त्यातच, म्हणून दमणचा पोरगा थेट इंग्लंडात उतरला आणि त्याची बायको म्हणून माझी लेक. कुणी अडवलं नाही. दोघं एका कारखान्यात लागली, ब्रेडमध्ये सारण भरून पाकिटं बांधायची. घर भाड्यानं घेतलं, मुलगी झाली. त्याचा धाकटा भाऊ दमणला कागद जमवत होता. तो आला की दोघा भावांनी मिळून छोटं दुकान काढायचं ठरलं होतं. लेकीनं पहिला फोटो पाठवला, बर्फात उभी, साडीवर जाड कोट. तेव्हा मी मनात म्हटलं, म्हातारा खरं बोलत होता. रेघ एवढीच असते. हे तुम्हाला कळवायला हवं होतं, पण तुम्ही तोवर गेला होतात.

आता आखाजीचं सांगते. आखाजीला आमच्याकडं लेकी माहेरी येतात, ते तुम्हाला काय सांगायचं. त्या वर्षी ती आली, कडेवर पोर घेऊन, नवरा तिकडं कामावर. भेस्तानच्या ह्याच घरात, ह्याच ओट्याशी. मी पुरण घोटतेय. धाकटा मुलगा, तिचा भाऊ, कडोदऱ्याहून लूमची पाळी करून आलाय, दारात बसून चहा पितोय. ती म्हणते, "आई, गंमत सांगू? तिकडं मतदान आहे. युरोपात राहायचं की निघायचं. आणि मत मला आहे, ह्यांना नाही."

"असं कसं? त्याचा पासपोर्ट तर तिथलाच ना, युरोपचा?"

"म्हणून तर नाही. मी हिंदुस्तानची, इंग्रजांच्या जुन्या राज्यातली, म्हणून मला आहे."

मुलगा दारातून म्हणाला, "वा. गुलामीचा बोनस."

"गप रे. तुझ्यासाठीच चाललंय सगळं."

मग तिनं सांगितलं. रविवारी त्यांचे लोक भजनाला एका हॉलमध्ये जमतात. तिथं एक भाई आला होता, आपल्यासारखाच दिसणारा, गुजराती बोलणारा, किराण्याच्या दुकानांचा मालक. त्यानं भाषण केलं नाही म्हणे. खुर्ची ओढून बायकांमध्ये बसला आणि एकेकीला विचारलं, "बेन, तमने शुं तकलीफ छे?" तुम्हाला काय त्रास आहे? हिनं सांगितलं, माझा भाऊ मला भेटायला येऊ शकत नाही, व्हिसा नाकारला. तो म्हणाला, बघा, युरोपातल्या कुणालाही दार उघडं आणि तुमच्या सख्ख्या भावाला कुलूप. का? कारण वरच्यांनी तुम्हाला न विचारता दुसऱ्यांशी सोयरीक केली. ती मोडा, कुलूप निघेल, भाऊ येईल.

मी घोटणं थांबवलं. "आणि जावयाचं काय?"

"त्यांना काय होतंय? ते जुने आहेत. नवीन येणाऱ्यांना थांबवणार."

"हे कुणी सांगितलं?"

"त्याच भाईनं."

"नवऱ्याचा पासपोर्ट ज्यांचा आहे त्यांच्यातूनच निघायला मत देणार तू. आधी त्याला विचार."

"विचारलं तर नको म्हणतील."

"मग?"

ती एरवी माझ्याशी मराठी बोलते, घाईत असली तर गुजराती. अडली की अहिराणीवर येते. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मना भाऊसाठे, माय." भावानं चहाचा कप खाली ठेवला. त्याला पण जायचं होतं, गुरुजी. लूमवर त्याचे कान गेलेत निम्मे, घरात ओरडून बोलतो. पुरण खाली लागायला लागलं. मी म्हटलं, "तुझं तू बघ," आणि पातेलं उतरवलं.

निकाल लागला त्या दिवशी मी शेजारच्या घरी टीव्ही बघत होते. मला काही समजेना, नुसते गोरे लोक झेंडे हलवतायत. इतक्यात फोन. लेक ओरडतेय, "आई, जिंकलो!" जिंकलो. मी विचारलं, जावई कुठाय? म्हणाली, पाळीवरून येतील आता. तो आला. कारखान्यात ज्याच्या शेजारी उभा राहून तो कित्येक वर्षं पाकिटं बांधत होता, त्या गोऱ्यानं हसत हसत विचारलं होतं, "मग, सामान बांधलं का?" मस्करी होती म्हणे. दुपारी बसस्टॉपवर हिला पण एका बाईनं तेच सुनावलं. त्या बाईला काय माहीत, हिचं मत तिच्याच बाजूनं पडलंय. तोंडावर लिहिलेलं नसतं ना. तोंडावर एकच लिहिलेलं असतं, बाहेरची. एवढं होऊन हिनं जेवताना नवऱ्याला सांगितलं, मी निघायचं मत दिलं, भावासाठी. हिला वाटलं तो हसेल, चिडवेल. त्यानं ताट संपवलं, उठून धुतलं, पुसून ठेवलं, आणि विचारलं, "मने काढवा माटे तें वोट आप्यो?" मला काढायला तू मत दिलंस?

त्याला काढलं नाही कुणी. खोटं कशाला सांगू. राहायची परवानगी मिळाली दोघांना. पण मागावी लागली. जिथं भाडं भरतो, जिथं पोर जन्माला आलं, तिथं राहू का म्हणून फोनवर आपल्याच तोंडाचे फोटो काढून विचारावं लागलं, आणि परवानगीचा कागद म्हणाल तर कागद नाही, ती पण फोनातच. त्याच्या भावाचा पासपोर्ट आला तोवर इंग्लंडचं दार बंद झालं होतं. तो पोर्तुगालला उतरला, काचेच्या घरात फळं तोडायला. आणि माझ्या मुलाचं कुलूप? ते काही निघालं नाही. नवीन कायदा आला तो म्हणे कुशल माणसांसाठी. माझा मुलगा एका फेरीत डोळे मिटून सांगतो कुठल्या लूमचा धागा तुटलाय, पण ते कुशल नाही. त्या भाईला लेकीनं हॉलमध्ये गाठून विचारलं. तो म्हणाला, बेन, अजून वरचे लोक अडवतायत, पुढच्या वेळी त्यांना पण काढू. त्याला नेहमीच कुणीतरी काढायला लागतं.

मग एक दिवस जावई पण गेला. भांडून नाही. म्हणाला, माझा भाऊ तिथं एकटा आहे. हिनं भावासाठी केलं, त्यानं भावासाठी केलं, बोलायला जागाच राहिली नाही. आता तो पोर्तुगालला, लेक आणि नात इंग्लंडात, माझा मुलगा कडोदऱ्याला, आणि मी इथं साड्यांना लेस लावतेय. हिनं स्वतःला आणि पोरीला तिथलाच पासपोर्ट घेतला. सुट्टीत तो पोरीला न्यायला येतो, आणि विमानतळावर बाप एका रांगेत, पोरगी दुसऱ्या रांगेत. नात मला फोनवर सांगते, "आजी, पप्पा पलीकडच्या लाइनमधून हात करतात." तिला मजा वाटते. तुम्ही आम्हाला बाकावर बसवून केलं होतं तसंच तिला वाटत असेल. फक्त तिथं खडू नाही, बंदूकवाले उभे असतात.

तुम्ही म्हणाल, हे गोऱ्यांचं झालं. मग इथलं ऐका. मागच्या निवडणुकीत आमच्या गल्लीत टेम्पोवर एक जण उभा राहिला, खान्देशी भाईओ, एक व्हा, आपल्याला कुणी विचारत नाही. टाळ्या पडल्या, मी पण ऐकत उभी राहिले, कारण खरंच कुणी विचारत नाही. पाण्याचं, गटाराचं, मराठी शाळेचं. तुमची शाळा आता दोन वर्गांवर आलीय. पण तो पुढं गटारावर बोललाच नाही, यूपीवाल्यांवर आणि ओडियांवर बोलला. त्याच सुमाराला तिकडं महाराष्ट्रात भाषेवरून कुणाला तरी कानाखाली मारल्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला. शेजारी बनारसकडची बाई राहते, ती मला विचारते, "काकी, आपके लोग ऐसा क्यों करते हैं?" मी म्हटलं, "मेरे लोग कौन? मैं तो इधर खुद बाहर की हूँ." ती हसली, पण आता भांडी घासायला आमच्या नळावर येत नाही. आणि तुमचे ढाका-लाहोर? मुलाच्या शेठचा माल पूर्वी दुबईवरून फिरून जायचा. कुणाच्या बायका ते दुपट्टे घेतात ते सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं, लूम चालत होते. आता रेघेच्या ह्या बाजूला एक ओरडतो, त्या बाजूला एक ओरडतो, दोघांना मतं पडतात, माल अडकतो, आणि कडोदऱ्याचे लूम आठवड्याचे दोन दिवस बंद. मुलगा घरी बसून फोनवर त्याच ओरडणाऱ्याचे व्हिडिओ बघतो. मी म्हटलं, अरे तुझी पाळी ह्याच्यामुळं गेली. तर म्हणतो, "पण बोलतो कसा बघ ना, माय. कुणाच्या बापाला भीत नाही." दुखतं कुठं ते हे लोक बरोबर ओळखतात. औषध मात्र शेजाऱ्याच्या घशात ओततात.

मी पुष्कळ विचार केला गुरुजी, माझ्या डोक्याच्या मानानं. माझी लेक मूर्ख नाही. तो भाई पण काही जादूगार नव्हता. त्यानं एवढंच केलं, खुर्ची ओढून विचारलं, तुला काय त्रास आहे. त्या युरोपच्या एकीवाल्यांनी एवढी वर्षं माझ्या लेकीला घर दिलं, काम दिलं, पण विचारलं कधी नाही. त्यांच्यातला एक जण त्या हॉलमध्ये येऊन बसला असता, सांगितलं असतं की बाई, तुझ्या नवऱ्याचं काय होईल ते आधी ऐक, तर? नाही आला. तिच्यासारखीचे प्रश्न त्यांना वाकडे वाटत असणार. तुम्हाला माझा वाटला तसा. तुमच्यासारख्या चांगल्या माणसांनी आम्हाला खाली बसवलं, गुरुजी. मग कुणीतरी आलं, म्हणालं, उठ, बोल. आम्ही उठलो. तो कोण आहे ते बघितलं नाही. माझ्या नळाचं उत्तर तुम्ही नसतं दिलं तरी चाललं असतं. "मला माहीत नाही, पण प्रश्न बरोबर आहे," एवढं म्हणाला असतात तरी मी तुमच्या बाजूनं राहिले असते. पुढच्या नळावरच्या भांडणात मी म्हटलं असतं, थांबा गं, आपण काहीतरी नियम करू. मी पण बादलीच आपटत राहिले.

हे पत्र टाकायचं कुठं? तुमच्या गावच्या घरात आता तुमच्या पुतण्याची मुलं आहेत, त्यांना मराठी वाचायला वेळ नसेल. गादीखाली जाईल. पण ज्यासाठी बसले ते अजून लिहिलंच नाही, आणि रिक्षावाल्याची वेळ होत आली.

जावई मला दर रविवारी फोन करतो. लेकीला करत नाही, मला करतो. मम्मी, तब्येत कशी, गोळ्या घेतल्या का. आज सकाळी पण आला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाला, भावानं आणि मी इथं दुकानाची जागा बघितलीय, वर दोन खोल्या आहेत. घटस्फोटाचे कागद पण वकिलानं करून दिलेत. दोन्ही तयार आहे. मला एकच समजत नाही, मम्मी. तिनं ते माझ्या विरुद्ध केलं, की माझा विचारच केला नाही, की तिच्या जागी कुणीही तेच केलं असतं. कुणीही केलं असतं असेल तर मी आज तिला फोन करतो, म्हणतो दोघी इकडं या. तुम्ही कधी खोटं बोलत नाही. "तमे एनी जग्याए होत तो शुं करत?" तिच्या जागी तुम्ही असता तर?

मला सगळं दिसलं गुरुजी. खोलीत कोणी नव्हतं, पंखा चालू होता. मला माझे भाऊ दिसले, एक मेलेला, एक गावी कमरेनं अधू. त्यातल्या एकाला माझ्या एका शिक्क्यानं कुणी आणतो म्हणाला असता, तर मी युरोप काय, तुमचा अख्खा नकाशा भिंतीवरून काढून दिला असता. नवऱ्याला विचारलं नसतं. लेकीनं निदान मला सांगितलं. पण एवढी वर्षं मी तिला एकच सुनावत आलेय, आखाजीला सांगितलं होतं, मी सांगितलं होतं. जावयाला पण तेच सांगत आलेय. गल्लीत सांगत आलेय. शहाणी म्हणून एवढी एकच गोष्ट माझ्याकडं आहे.

मी म्हटलं, "हॅलो? हॅलो? आवाज येत नाही. कट होतंय." तो "मम्मी, मम्मी" म्हणत होता. मी फोन ठेवला.

नेटवर्क चांगलं होतं. आवाज अगदी स्पष्ट येत होता.